साइड मागायची रीत

चिंचपाड्यात आवाज दोन वाटांनी येतो. एक वाट रुळांची, दुसरी डांबराची. रुळांची वाट आधीची. विसाव्या शतकाच्या तोंडावर ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरतेकडून खानदेशात लोहमार्ग आणला, तेव्हापासून नवापूर तालुक्यातल्या पाड्यांना गाडीची शिटी ठाऊक आहे. मोटारीचा हॉर्न त्यानंतर आला आणि फटफटीचा तर कितीतरी उशिरा. या दोन वाटांवरच्या आवाजांचे स्वभाव इतके वेगळे का झाले, हा प्रश्न मी फार वर्षं डोक्यात वागवतो आहे. माझा धंदाच तसा आहे. दुचाकींचं वायरिंग, बॅटरी, लाइट आणि हॉर्न यांत माझी उमेदीची सगळी वर्षं गेली.

रुळांच्या कडेला, फाटकाच्या बरंच अलीकडे, एक पिवळी पाटी असते. तिच्यावर काळ्या अक्षरांत ‘सी/फा’ लिहिलेलं असतं. शिटी फाटकासाठी, एवढाच त्याचा अर्थ. पाटी आली की ड्रायव्हरने लांब शिटी द्यायची. फाटकावर कोणी उभं आहे की नाही, गाडीला उशीर झाला आहे का, ड्रायव्हरचं डोकं कशाने तापलं आहे, याचा तिथे काही संबंध येत नाही. बिनराखणीची ब्रॉडगेज फाटकं २०१९ च्या सुरुवातीपर्यंत देशभरातून गेली, उधना–जळगाव मार्गाचं दुहेरीकरण २०१८ मध्ये पुरं झालं, वाफेची इंजिनं तर केव्हाच गेली. तरी शिटी कुठे द्यायची ते आजही जागा ठरवते. म्हणूनच ती शिटी ऐकून आमच्या भागात कोणी दचकत नाही आणि कोणाला रागही येत नाही.

रस्त्यावरच्या आवाजाची सुरुवातही अशीच नेमकी होती. इंग्लंडात १८६५ च्या कायद्याने रस्त्यावर चालणाऱ्या वाफेच्या इंजिनापुढे एक माणूस लाल निशाण घेऊन चालत असे, गाडीच्या साठ यार्ड पुढे. समोरून घोडा येताना दिसला तर घोडेस्वाराला सावध करायचं, लागलं तर घोडा सांभाळायला मदत करायची. १८९६ मध्ये नवा कायदा झाला, हलक्या मोटारगाड्यांना वेगाने जायची मुभा मिळाली आणि तो माणूस रस्त्यावरून गेला. त्याच्या जागी गाडीवर घंटा किंवा तसलं एखादं साधन बसवायला सांगितलं. ते कशासाठी, हेही कायद्यात लिहिलं होतं: गाडी येते आहे किंवा ती कुठे आहे, याची पुरेशी सूचना ऐकू जावी म्हणून. बाजूला व्हा असं सांगण्याचा अधिकार त्या साधनाला कोणी दिला नव्हता.

या अदलाबदलीत एक गोष्ट मात्र हरवली. निशाणवाला माणूस समोरच्याला सावध करत होता, तसाच समोरचा सावध झाला की नाही हेही बघत होता. घंटेला आणि भोंप्याला डोळे नाहीत. तिथून पुढे ते बघायचं काम गाडी चालवणाऱ्यावर आलं. हॉर्नचा पुढचा सगळा इतिहास मला या एका कामाचाच वाटतो. ज्यांनी ते केलं त्यांचा हॉर्न कामाचा ठरला. ज्यांनी सोडलं त्यांचा नुसता गोंगाट उरला.

भोंप्यानंतर विजेचे आणि यंत्राचे हॉर्न आले. अमेरिकेत १९०८ च्या सुमारास मिलर रीझ हचिसन यांनी क्लॅक्सन बनवला. पोलादी पडद्यावर एक टोक, त्या टोकावर घासत फिरणारं दातेरी चाक, आणि त्यातून निघणारा तो कर्कश ‘आऊगा’. याच हचिसन यांनी त्याआधी कमी ऐकू येणाऱ्यांसाठी विजेवरचं श्रवणयंत्र तयार केलं होतं. एकाच माणसाला कानाची एवढी पारख होती आणि त्यानेच सगळ्यांत मोठ्या आवाजाचा हॉर्न काढला, याचं मला नवल वाटत नाही. ज्याला कान कळतो त्यालाच कानावर काय आदळतं तेही कळतं. मोठ्या आवाजाची लाट जगभर गेली आणि लवकरच तिला बांध घालायची वेळ आली. १९३४ मध्ये ब्रिटनचे वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनी वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात हॉर्न बंद केला. १९५४ मध्ये पॅरिसच्या पोलीसप्रमुखांनी शहरात हॉर्नवर बंदी घातली.

आपल्याकडे १९१४ चा मोटार कायदा, मग १९३९ चा, मग १ जुलै १९८९ पासून लागू झालेला १९८८ चा. पण पश्चिम खानदेशातल्या रस्त्यावर हॉर्न कसा वापरायचा हे कायद्याच्या पुस्तकातून कोणी शिकलं नाही. ते ट्रकवाल्यांनी शिकवलं.

माझे वडील, त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, सुरतेकडून धुळ्याकडे जाणाऱ्या ट्रकवर क्लीनर होते आणि पुढे ड्रायव्हर झाले. तेव्हा हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक सहा होता, हजिरा ते कोलकाता जाणारा. आता त्याला त्रेपन्न म्हणतात. त्या काळी मधोमध डांबराचा पट्टा आणि दोन्ही कडांना मातीची साइडपट्टी. दोन ट्रक समोरासमोर आले की दोघांचंही एकेक चाक मातीत उतरायचं. ट्रकची केबिन लाकडी, मिस्त्रीच्या हातची. आरसा असला तर असला. इंजिन केबिनच्या पोटातच धडधडत असल्यामुळे ड्रायव्हरला मागचं काही ऐकू यायचं नाही आणि दिसायचंही नाही. मागच्याने पुढे जायचं कसं?

त्यासाठी एक रीत होती आणि ती भाऊंनी मला अंगणात उभं करून शिकवली होती. मागचा ट्रक अंतर ठेवून एकदा हॉर्न द्यायचा. पुढच्या ट्रकचा क्लीनर डाव्या दारातून अर्धा बाहेर लोंबून मागे बघायचा, दारावर तळहाताने दोन थापा मारायचा आणि ड्रायव्हरला सांगायचा, ‘साइड मागतोय.’ ड्रायव्हर समोरचा रस्ता बघायचा. मोकळा असला तर उजवा हात खिडकीबाहेर आडवा काढून मागून पुढे हलवायचा: ये. समोरून गाडी येत असली तर तोच हात तळवा मागे करून थांबवायचा. मागचा तोवर थांबून असायचा. पुढे गेल्यावर तो एक छोटा हॉर्न द्यायचा, तो आभाराचा. हात हलवून मागच्याला पुढे यायला सांगायची ती खूण पुढे १९८९ च्या रस्ते नियमांतही लिहिलेली सापडते. सरकारी भाषेत ती जरा अवघडल्यासारखी दिसते, पण भाऊंचा हात मला तिच्यात स्पष्ट दिसतो.

ट्रकच्या मागच्या फळीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ याच काळातलं. त्याच्या उगमाच्या गोष्टी बऱ्याच सांगतात. कोणी त्याचा संबंध महायुद्धातल्या रॉकेलशी जोडतं, कोणी साबणाच्या जाहिरातीशी. मला त्यात फार रस नाही. मला त्या फळीवर एक विनंती दिसते. मला मागचं दिसत नाही, तेव्हा पुढे जाण्याआधी सांग. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने एप्रिल २०१५ च्या अखेरीस मालवाहू गाड्यांवर हे लिहायला बंदी केली, कारण त्यामुळे विनाकारण हॉर्न वाजवायला प्रोत्साहन मिळतं असं त्यांचं म्हणणं. निर्णय बरोबरच होता. तोवर आरसे आले होते, क्लीनर गेले होते आणि रस्ते रुंद व्हायला लागले होते. विनंतीची गरज संपली, पाटी उरली, आणि लोक तिला हुकूम समजून वाजवत सुटले.

एसटीचं याहून साधं होतं. १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर ही पहिली गाडी धावली, तिथून कितीतरी वर्षं लाल गाडीच्या ड्रायव्हरच्या खिडकीबाहेर रबरी फुग्याचा पितळी भोंपू असायचा. तो दाबायला उजवा हात बाहेर काढावा लागायचा. ज्याला आवाजासाठी हात उचलावा लागतो, तो उगाच वाजवत नाही. पुढे हा भोंपू गेला आणि अंगठ्याजवळ बटण आलं, तेव्हा हॉर्नची किंमत पहिल्यांदा उतरली.

दुचाकीवर तर ती फारच उतरली.

आमच्या भागात सुरुवातीला दुचाकी म्हणजे डॉक्टरांची बुलेट, कुठे एखादी राजदूत किंवा जावा, ग्रामसेवकाची बजाज स्कूटर, आणि मग गुरुजींची लूना. लूना १९७२ ची, आपल्याच अहमदनगरात बनलेली. लूनाला आणि त्या काळच्या स्कूटरला बॅटरी नसायची. हॉर्नला करंट मॅग्नेटोतून यायचा. त्यामुळे इंजिन जोरात फिरलं तर हॉर्न जोरात, इंजिन मंदावलं तर हॉर्न घरघरायला लागायचा. खरी गरज असते ती गाडी हळू करताना, आणि नेमकं तेव्हाच आवाज बसायचा. मग लोक क्लच दाबून रेस द्यायचे. मी काम शिकायला लागलो तेव्हा अशा हॉर्नची तक्रार घेऊन रोज कोणीतरी यायचं. आमचे उस्ताद म्हणायचे, ‘हॉर्नवर भरवसा नसलेला माणूसच नीट गाडी चालवतो.’ त्यांचं म्हणणं मला आज जास्त पटतं.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि नव्वदच्या दशकात स्प्लेंडर. पाड्यापाड्यांतून दुचाकी दिसू लागली. हॉर्न आता बॅटरीवर चालायचा, म्हणजे इंजिन कसंही फिरो, आवाज एकसारखा. बटण डाव्या अंगठ्याखाली. जोर लागत नाही, हात उचलावा लागत नाही, रेस द्यावी लागत नाही. कंपनीचा हॉर्न उघडून बघितला तर आत फार काही नसतं. एक तारेचं वेटोळं, म्हणजे विद्युतचुंबक. त्याच्यासमोर पातळ पत्र्याचा पडदा. आणि एक पॉइंट. करंट आला की चुंबक पडदा ओढतो, ओढला की पॉइंट सुटतो, करंट तुटतो, पडदा मागे येतो, पॉइंट पुन्हा लागतो. हे सेकंदाला शेकडो वेळा होतं, आणि आपल्याला ‘पीं’ ऐकू येतं. मागे एक स्क्रू असतो, त्यावर रंग किंवा लाख लावलेली असते. हॉर्न घोगरा झाला की पॉइंट बारीक पॉलिश पेपरने पुसायचा आणि तो स्क्रू पाव आटा इकडे किंवा तिकडे फिरवायचा. आवाज एकदम उघडतो. जास्त फिरवला तर हॉर्न नुसता ‘टक’ करतो आणि फ्यूज जातो. पावसाळ्यात आमच्याकडे निम्मं काम एवढंच असतं, कारण हॉर्नचं तोंड वर वळलेलं राहिलं की त्यात चिखल जातो. तोंड खाली ठेवा, तुमचे पैसे वाचतील.

डोकाऱ्याच्या साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात आणि माझ्याकडे पोरं येतात. ‘काका, ट्रकचा हॉर्न बसवा.’ कशाला रे? ‘ट्रॉलीवाले ऐकत नाहीत.’ मी त्यांना आधी सांगतो की ते बसवण्यासाठी रिले लागेल, जाड वायर लागेल, लहान बॅटरी लवकर बसेल. तेवढ्याने कोणी ऐकत नाही. मग मी कागदावर हिशोब मांडतो. ताशी ६० ने जाणारी गाडी सेकंदाला साधारण सतरा मीटर कापते. तू हॉर्न दिलास, ट्रॉलीवाल्याने ऐकला, आरशात बघितलं, हात हलवला, यात दोन सेकंद गेले. तेवढ्यात तू चौतीस मीटर पुढे आलास. ट्रॉलीच्या अगदी चाकाजवळ येऊन हॉर्न दिलास तर तो कितीही मोठा असो, काय उपयोग? त्याला उत्तर द्यायला वेळ कुठे ठेवलास? मोठ्या हॉर्नने तो दचकेल, आणि दचकलेला माणूस स्टीअरिंग कुठे वळवेल ते सांगता येत नाही. कायद्यातही असे एकामागून एक वेगळे सूर काढणारे, कर्कश, दचकवणारे हॉर्न बसवायला मनाई आहे, हे मी शेवटी सांगतो. हिशोब पटलेला असला की कायदा पटतो.

मग दुचाकीवाल्याने दुसऱ्या गाडीवाल्याला हॉर्न द्यायचा तरी कधी? रस्तेवाहतुकीबद्दलच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात दोनच वेळा सांगितल्या आहेत: अपघात टाळण्यासाठी, आणि वस्तीबाहेर पुढच्याला ओलांडतो आहोत हे कळवण्यासाठी. भारताने हा करार १९८० मध्ये स्वीकारला. भाऊंनी तो वाचला नव्हता, पण त्यांची रीत त्यात जशीच्या तशी बसते.

कोंडाईबारी घाटाचं घ्या. आंधळं वळण, डोंगराच्या आतल्या अंगाने चढणारा भरलेला ट्रक, बाहेरच्या अंगाने उतरणारे तुम्ही. वळण सुरू होण्याआधी एक हॉर्न द्या आणि अर्धा क्षण कान देऊन ऐका. समोरून उत्तराचा हॉर्न आला तर वेग उतरवा. अरुंद चढावर वर येणाऱ्याला आधी वाट द्यायची, हाही जुना नियम आहे. रात्री हॉर्नपेक्षा डिपर बरा, कारण प्रकाश वळणाआधी पोचतो आणि झोपलेला पाडा जागा होत नाही. ट्रकच्या मागे असाल तर त्याच्या उजव्या आरशात त्याचा चेहरा दिसेल अशा जागी या. आरशात तुम्हाला तो दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. तिथून, दोन ट्रक मावतील एवढं अंतर राखून, एक हॉर्न द्या. त्याने वेग किंवा कड थोडी बदलली, म्हणजे ऐकलं. नाही बदलली तर ऐकलं नाही असं धरा, आणि थांबा. त्याच्या डाव्या बाजूने मात्र हॉर्न देऊन घुसू नका. तिथे त्याला काहीच दिसत नाही, आणि आता क्लीनरही नाही.

शेतातून रस्त्यावर येणारा ट्रॅक्टर, थांबलेल्या गाडीचं उघडणारं दार, फोन कानाला लावून वळणारा समोरचा दुचाकीवाला, इथेही हॉर्न हवा. पण आधी ब्रेक. डाव्या अंगठ्याला हॉर्न आहे म्हणून उजव्या हाताने ब्रेक विसरू नये. निम्मे अपघात मी असेच ऐकले आहेत: ‘हॉर्न दिला होता ना!’ दिला असेल. पोचला का, हे कोणी बघितलं? देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरची. हॉर्न आपल्या सगळ्यांच्याच गाड्यांना होता.

गुरांना हॉर्न देऊ नये. म्हैस ऐकत नाही, शेळ्या उलट्या पळतात, गाडीला जुंपलेला बैल बिथरतो. गुराखी पोरगा असतोच, त्याला हात करावा.

महामार्गाचं चौपदरीकरण बरीच वर्षं रखडलं आणि तो अर्धवट काळ सगळ्यांत वाईट होता. कुठे चार पदर, कुठे दोन, कुठे वळवलेली वाट. जुनी रीत लोक विसरले होते आणि नव्या रस्त्याची रीत कोणी शिकवली नव्हती. दोन गाड्यांना जागा असली की साइड मागायची गरज राहत नाही, लेन बदलायची असते आणि इंडिकेटर द्यायचा असतो. पण सवयीने हॉर्न सुरूच राहिला. आता तो साइड मागायला नसतो. चहाच्या टपरीवर थांबलेल्या मित्राला, फाटकाजवळ रांगेत उभ्या असलेल्या ट्रकला, गावात शिरताना स्वतःची वर्दी म्हणून. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात १९४ एफ कलम आलं. विनाकारण, सतत किंवा गरजेपेक्षा जास्त हॉर्न वाजवला, किंवा मनाई असलेल्या जागी वाजवला, तर पहिल्या वेळी हजार रुपये आणि नंतर दोन हजार. त्याआधी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा हॉर्नला मनाई केली होती, अगदी निकड सोडून.

चिंचपाड्याला हे कलम सगळ्यांत जास्त लागू पडतं, कारण आपल्याकडे ख्रिश्चन हॉस्पिटल आहे. १९४२ पासूनचं. नवापूर तालुक्यातल्या पाड्यांवरची माणसं तीन-तीन पिढ्या तिथे जात आली आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रुग्णालयाभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र धरता येतं, आणि तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे. आपल्या घरचं माणूस तिथल्या खाटेवर असतं तेव्हा प्रत्येकाला हा नियम पटतो. माणूस बरा होऊन घरी आला की तोच नातेवाईक त्याच रस्त्याने हॉर्न दाबून जातो. हे मला फार लागतं, आणि मी गॅरेजवर आलेल्या प्रत्येकाला बोलून दाखवतो.

रस्त्याच्या पाट्यांत दोन पाट्या हॉर्नच्या आहेत. एक निळा गोल, त्यावर पांढरा भोंपू: इथे हॉर्न द्याच. दुसरी लाल कडेची, भोंप्यावर तिरकी रेघ: इथे देऊ नका. दोन्ही पाट्या आज्ञेच्या वर्गातल्या, सूचनेच्या नव्हेत. रेल्वेने आपल्या ड्रायव्हरला पिवळी पाटी दिली म्हणून त्याला शिटी कुठे द्यायची हे ठरवत बसावं लागत नाही. महामार्ग प्राधिकरणाला आणि आपल्या ग्रामपंचायतीला माझी हात जोडून विनंती आहे: घाटातल्या प्रत्येक आंधळ्या वळणाआधी निळी पाटी हवी आणि रुग्णालयाच्या व शाळेच्या दोन्ही अंगांना लाल. जिथे आहेत तिथे त्यांच्यावर आलेली झाडी दर पावसाळ्यानंतर छाटा, जिथे नाहीत तिथे लावा. आणि दुचाकीवाल्यांनो, हॉर्न घोगरा झाला असेल तर कुठल्याही वायरिंगवाल्याकडे जा, पाव आट्याचं काम आहे. ट्रकचा हॉर्न मात्र मागू नका, माझ्याकडे तो मिळणार नाही.